साडेचार म्हणजे नक्की किती?

*काकू, सा. न. वि. वि.*

*मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत रात्रपाळी करतो. आमचं काम टोरांटोच्या क्लायंटसाठी चालतं. तिकडच्या सहकाऱ्यांच्या नादाने आम्हालाही आइस हॉकीचं वेड लागलं, आणि यंदा ऑक्टोबर २०२५मध्ये आम्ही दहा जणांनी एनएचएलची, म्हणजे तिकडच्या आइस हॉकी लीगची, फँटसी लीग सुरू केली: खऱ्या खेळाडूंमधून आपापली टीम निवडायची, ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. ॲप न घेता स्वतःची एक्सेल केली, गुणही आमचेच. प्रत्येकी दोन हजार काढले. मी कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, आहे आणि माझीही टीम आहे. नियम मीच लिहिले. त्यातला एक असा: ‘रोज पहाटे साडेचारपर्यंत ग्रुपवर टीम टाकायची. नंतर बदल नाही.’*

*नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझी लढत कळव्याच्या एका मित्राशी होती. त्याचा गोली त्या रात्री खेळणार नाही हे त्याला सरावाच्या वेळी कळलं. त्याने ५ वाजून ७ मिनिटांनी बाकावरचा दुसरा गोली लावला. मॅच साडेपाचला होती. उशीर झाला म्हणून मी बदल नाकारला. त्या दुसऱ्या गोलीने नेमका शटआउट केला, एकही गोल होऊ दिला नाही. मी आठवडा ११८–११४ जिंकलो. बदल धरला असता तर तो १२५वर गेला असता. तेव्हापासून तो मला सगळ्यांसमोर चोर म्हणतो. मी म्हणतो, नियम म्हणजे नियम.*

*शिवाय तळाच्या एकाने आपला सगळ्यात भारी फॉरवर्ड दुसऱ्याला देऊन बदल्यात एक जखमी डिफेन्समन घेतला. दोघे रोज एकाच गाडीने घरी जातात, म्हणून लोक म्हणतात हे ठरवून केलं. आणि एका मॅचमधला असिस्ट (गोलसाठी पास दिल्याचं श्रेय) दुसऱ्या दिवशी भलत्याच खेळाडूच्या नावावर गेला, त्यावरूनही वाद आहे. आता दोन ग्रुप झालेत, जेवायलाही वेगळे बसतात. कमिशनरपद सोडून देऊ का? ग्रुपवरचे तीन स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.*

*— ऐरोलीचा कमिशनर*

कमिशनरसाहेब,

तुझं पत्र (इथे थोडं कापून छापलंय) पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्धंच कळलं. आमच्या पिढीची हॉकी म्हणजे टर्फवरची, आणि खडकीचा धनराज पिल्ले चेंडू घेऊन सुटला की टीव्हीसमोर उभं राहून ओरडायची. बर्फावरची हॉकी मी पाहिलेली नाही. ‘गोली’ म्हणजे गोलरक्षक हे उमगेपर्यंत मला वाटत होतं, पहाटे पाचला कोणीतरी रक्तदाबाची गोळी बदलली आणि त्यावरून कंपनीत भांडण झालं. शेवटी घणसोलीच्या भाच्याला बोलावलं. दोन कप चहात त्याने मला पक (चेंडूऐवजी असते ती चकती), पॉवर प्ले, असिस्ट सगळं समजावलं.

पण भांडण काही नवं नाही रे. मी नौपाड्यात बावीस वर्षं भिशी चालवली आणि सहा वर्षं सोसायटीच्या कमिटीत काढली. तुझं पत्र वाचताना मला आमचा तळमजल्यावरचा हॉल आणि तिथल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसत होत्या.

आधी तुझ्या साडेचारकडे येऊ, कारण बाकी सगळं त्यातून निघालंय.

हे साडेचार आलं कुठून? तू नियम लिहिलास ऑक्टोबरात. तेव्हा टोरांटोचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे होतं. तिथे संध्याकाळी सातला मॅच, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. म्हणजे साडेचार ही मॅच सुरू व्हायची वेळ होती, तू फक्त ती ठाण्याच्या घड्याळात लिहिलीस. मग २ नोव्हेंबरच्या रविवारी तिकडे थंडीसाठी घड्याळं एक तास मागे गेली, आणि तिथल्या सातचे इथे साडेपाच झाले. मॅच सरकली, तुझा नियम मात्र होता तिथेच राहिला.

हे तुला माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. त्याच आठवड्यात तुमची शिफ्टही तासभर पुढे गेली असणार, कंपनीची गाडीही उशिरा आली असणार. तुम्ही दहाही जण त्या सोमवारी नव्या वेळेला कामावर बसलात. कामाच्या घड्याळाने तास पुढे घेतला आणि खेळाच्या घड्याळाने नाही, असं कसं?

तरी तू म्हणशील, नियमात साडेचार लिहिलंय ते लिहिलंय. म्हणून तुझेच स्क्रीनशॉट पाहू. तिसऱ्या चित्रात ऑक्टोबरातला एक शनिवार आहे. भाचा म्हणाला, शनिवारी तिकडे दुपारी एकला पण मॅच असतात. तिथली दुपारची एक म्हणजे ऑक्टोबरात आपली रात्रीची साडेदहा. त्या रात्री १० वाजून ५२ मिनिटांनी तुमच्यातल्या एकाने खेळाडू बदलायला मागितला, आणि तू उत्तर दिलंस: ‘मॅच चालू झाली भावा, आता नाही.’

हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. नियमाप्रमाणे त्याला पहाटे साडेचारपर्यंत सवड होती. साडेपाच तास हातात होते! नियम म्हणजे नियम असं धरलं असतं, तर अख्खी मॅच संपल्यावर ज्याने गोल केले त्याला टीममध्ये घेता आलं असतं. तू ते होऊ दिलं नाहीस, आणि बरोबर केलंस. कारण तुलाही माहीत होतं की नियमाचा अर्थ ‘मॅच सुरू व्हायच्या आत’ एवढाच आहे. दहाच्या दहा जणांनी ते निमूट मान्य केलं.

म्हणजे ऑक्टोबरात तू नियमाचा अर्थ पाहिलास आणि नोव्हेंबरात अक्षर. आणि अक्षर नेमकं त्या दिवशी आठवलं, ज्या दिवशी समोर तुझा प्रतिस्पर्धी होता. तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. पत्रावरून तू सरळ वाटतोस, नाहीतर ते चित्र मला पाठवलंच नसतंस. पण पोळी कोणाची होती आणि तूप कुणीकडे ओढलं गेलं, हे लोकांना दिसतं.

भिशीतली एक गोष्ट सांगते. आमच्या चिठ्ठ्या वाण्याच्या पुड्याच्या कागदाच्या असायच्या, तपकिरी, आणि त्या एका स्टीलच्या डब्यात टाकून मी स्वतः हलवायचे. पहिल्या वर्षी तिसऱ्या महिन्याला मी हात घातला आणि माझ्या जावेचं नाव निघालं. पुढच्या महिन्याला माझं. कोणी काही बोललं नाही. पण एक चिठ्ठी जरा जास्त घट्ट दुमडलेली होती, आणि समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी ती उचलून बोटाने उलगडली, पुन्हा दुमडली, आणि डब्यात ठेवली. बस्स, तेवढंच. मला ते आजही दिसतं. मी काही केलं नव्हतं गं बाई, असं ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर केलंय असंच वाटलं असतं. पुढच्या महिन्यापासून चिठ्ठी काढायला मी दुसऱ्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या पोरीला बोलावलं. तिला वाचता येत नव्हतं. ती मोठी होऊन कॉलेजात गेली तोवर भिशीत एकदाही कुरबुर झाली नाही.

ज्यात आपला फायदा आहे, तिथे निकाल आपण द्यायचा नाही. कोर्टातही न्यायाधीशाचा नातेवाईक पक्षकार निघाला तर तो खटला दुसऱ्याकडे देतात, आणि तो न्यायाधीश अप्रामाणिक आहे असं तेव्हा कोणी म्हणत नाही. तू त्या पहाटे एवढंच लिहायला हवं होतंस: ‘ही माझीच लढत आहे, मी ठरवत नाही. तुम्ही तिघं ठरवा.’ एक मिनिटाचं काम होतं, आणि आज तुमची दोन टेबलं झाली नसती.

दुसरं असं की नियम तू एकट्याने लिहिलास. लिहिणाऱ्याने ढिसाळ लिहिलं तर शंकेचा फायदा समोरच्याला. विम्याच्या कागदात दोन अर्थ निघणारं कलम असलं की कोर्ट ते विमा कंपनीच्या विरोधात वाचतं, कारण कागद तिने छापलेला असतो, ग्राहकाने नाही. तुझा ग्राहक कळव्याचा.

तो आठवडा त्याला दे. १२५–११८. यासाठी मतदान नको, समिती नको. समिती बसवलीस तर पाच इकडे, पाच तिकडे होतील, आणि मग ते वर्षभर तसेच राहतील. निर्णय तुझा होता, तो तूच मागे घे. फक्त त्याआधी २ नोव्हेंबरपासूनचा सगळा ग्रुप चाळ. साडेचारनंतर पण मॅचच्या आत केलेला आणखी कोणाचा बदल तू नाकारला असशील, तर त्यालाही हाच न्याय लाव, मग तो मागत असो वा नसो. नाहीतर लोक म्हणतील, जो ओरडला त्याला मिळालं.

ग्रुपवर काय लिहायचं ते सुचत नसेल तर हे घे, पाहिजे तसं बदल:

‘मित्रांनो, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला गोलीचा बदल मी नाकारला, तो माझा निर्णय चुकला. साडेचार म्हणजे मॅच सुरू व्हायची वेळ, असंच आपण ऑक्टोबरात धरत होतो. घड्याळ बदललं तेव्हा मी नियम बदलायला हवा होता. त्यात लढत माझीच होती, म्हणून मी ठरवायलाच नको होतं. निकाल १२५–११८ असा दुरुस्त केला आहे. एक्सेल पाहून घ्या.’

एवढंच. ‘पण तूही मला चोर म्हणालास’ हे यात घालू नकोस. तो तुला सगळ्यांसमोर चोर म्हणाला हे वाईटच केलं, आणि मी त्याची काकू असते तर त्यालाही झापलं असतं. पण माफीच्या बदल्यात माफी मागायला लागलास की ती माफी राहत नाही, भाजीवालीशी चाललेली घासाघीस होते. त्याचं तो बघेल.

आता तू विचारशील, म्हणजे चुकीचा वाटला की नियम मागे जाऊन मोडायचा? नाही. इथे जपून पाऊल टाक, कारण उद्या प्रत्येक जण तुझ्याकडे जुना आठवडा घेऊन येईल.

२०१९ची वर्ल्ड कपची फायनल आठवते ना, लॉर्ड्सची? मॅच बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि मग चौकार-षटकार मोजून इंग्लंडला कप दिला. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. त्या रात्री आमच्या घरात कोणी इंग्लंडचं नव्हतं, कोणी न्यूझीलंडचं नव्हतं, तरी सगळे चिडले होते. पण तो नियम आधीपासून लिहिलेला होता, त्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता, आणि दोन्ही संघ तो मान्य करून खेळले होते. म्हणून कप इंग्लंडकडेच राहिला. आयसीसीने काही महिन्यांत, त्याच ऑक्टोबरात, नियम बदलला तो पुढच्यासाठी. नियम स्पष्ट आणि वाईट असेल, तर निकाल तसाच ठेवायचा आणि नियम बदलायचा. नियमाचा अर्थच दोन्हीकडे लागत असेल, तर आधी अर्थ लावायचा. तुझं साडेचार या दुसऱ्या जातीतलं.

भाच्याने तुमच्या खेळातलंही एक सांगितलं, ते मला फार आवडलं. एप्रिल २००८मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सचा शॉन एव्हरी प्लेऑफच्या मॅचमध्ये समोरच्या गोलीच्या, मार्टिन ब्रोडरच्या, अगदी तोंडासमोर उभा राहिला. पकाकडे पाठ, गोलीकडे तोंड, आणि स्टिक त्याच्या डोळ्यांपुढे नाचवत राहिला, म्हणजे गोलीला काही दिसू नये. असं कोणी करेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे ते चूक आहे असं नेमकं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या क्षणी त्याला दंड झाला नाही. दुसऱ्याच दिवशी एनएचएलने जाहीर केलं की यापुढे असं वागणं बेशिस्त धरून पेनल्टी देणार. लीगने एका दिवसात दार बंद केलं, पण कालच्या खेळाला हात लावला नाही.

तुझं दुसरं भांडण, ती अदलाबदल, मला याच खणात ठेवायची आहे.

तळाच्या मुलाने भारी फॉरवर्ड देऊन जखमी डिफेन्समन घेतला. दोघे एका गाडीने जातात. एवढ्यावरून ‘ठरवून केलं’ म्हणणं मला पटत नाही. नवी मुंबईत कोण कोणाबरोबर एका गाडीने जात नाही? तुला एकच तपासायचं आहे: देणाऱ्याला या सौद्यातून त्याच्या स्वतःच्या टीमसाठी काय मिळालं? तुझ्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये त्याने लिहिलंय की त्याच्याकडे डिफेन्समन कमी पडत होते, आणि हा जानेवारीत बर्फावर परत येणार आहे. सौदा मूर्खपणाचा असेल. मला तर वाटतो. पण मूर्ख सौदा करायचा हक्क प्रत्येकाला आहे, नाहीतर आपल्याकडच्या निम्म्या जमिनींचे व्यवहार रद्द करावे लागतील. ‘मला काय, मी हरणारच आहे, तू घे’ असं कुठे बोलणं सापडलं, किंवा मागच्या दाराने पैसे गेले असं कळलं, तर गोष्ट वेगळी. ते काही दिसत नाही. तेव्हा अदलाबदल राहू दे.

पुढच्यासाठी मात्र लिहून ठेव: सौदा ग्रुपवर टाकल्यापासून चोवीस तास हरकतीला. हरकत घेणाऱ्याने कारण लिहायचं, नुसता अंगठा खाली चालणार नाही. मग तीन जण ठरवतील. हे तीन जण कसे निवडायचे? दहा नावांच्या चिठ्ठ्या करा, वादातल्या लोकांच्या बाजूला काढा, उरलेल्यांतून तीन. ज्याचा त्या आठवड्यात किंवा गुणतक्त्यात थेट फायदा-तोटा आहे तोही बाजूला. काढायला चार वर्षांची पोर ऐरोलीच्या ऑफिसात रात्री दोनला मिळणार नाही. चहावाल्याला सांगा.

हो, तुमच्यातल्या कोणीतरी सुचवलंय (पहिल्या चित्रात आहे) की टोरांटोच्या त्या सहकाऱ्याला पंच करावं, त्याला खेळ जास्त कळतो. अजिबात करू नका. खेळ त्याला कळत असेल, पण तो क्लायंट आहे. घरचं भांडण पाहुण्यासमोर काढायचं नाही, आणि हा पाहुणा पुढच्या वर्षी कंत्राटावर सही करणार आहे.

असिस्टचं लवकर संपवते. भाचा म्हणाला, एका गोलमागे दोघांपर्यंत असिस्ट मिळू शकतो, आणि पक नेमका कोणाच्या स्टिकला लागला हे व्हिडिओ पाहून नंतर कधीकधी बदलतात. मग यात वाद कसला? एनएचएलचा आकडा तोच तुमचा आकडा. फक्त एक्सेल बंद कधी करायची ते ठरवा: आठवडा संपल्यावर दोन दिवस उघडी ठेवा, त्यात जी दुरुस्ती येईल ती घ्या, नंतर आली तर सोडून द्या. यावेळची दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी आली होती ना? मग ती धरा. कोणाचं काय होतंय ते बघत बसू नका.

आणि तो साडेचारचा नियम, तो असा लिही: ‘ज्या खेळाडूची मॅच सुरू झाली त्याला हलवता येणार नाही, बाकीच्यांना येईल. वेळ एनएचएलच्या वेळापत्रकातली. संदेश ग्रुपवर पडला ती वेळ धरायची.’ आकडाच घालू नकोस. साडेचारच्या नियमाने तुम्ही लॉस एंजेलिसच्या मॅचसाठीही पहाटेच टीम अडकवून ठेवत होतात, आणि ती मॅच हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठ-नऊला असते! चार तास माणसं उगाच हात बांधून बसली.

लिहिलेला नियम दहाही जणांनी ग्रुपवर ‘मान्य’ म्हणून लिहायचा. आमच्या सोसायटीत सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करतात. कंटाळवाणा प्रकार आहे, निम्मे लोक तेव्हा मोबाईल बघतात. पण वर्षाने पार्किंगवरून कोणी उठलं की तेच पान काढून दाखवता येतं. तुमचा ग्रुप खाली सरकत जातो, त्यात मीम, वाढदिवस, गुड मॉर्निंग. नियम एक्सेलच्या पहिल्या पानावर चिकटव, तारखेसकट.

आता पैसे. प्रत्येकी दोन हजार, म्हणजे वीस हजार तुझ्या खात्यात पडून आहेत, आणि भांडणाला अर्धी धार त्यानेच आलीय. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आणणारा कायदा केला, मोठमोठ्या फँटसी ॲपना पैशांचे सामने बंद करावे लागले. अशा दिवसांत दहा जणांचा गल्ला स्वतःच्या नावावर ठेवून तू कशाला बसलायस? आणि उद्या कोणी म्हणालं की जिंकलो, पण पैसे देत नाही, तर दाद मागणार कुठे? १८७२च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल. कोर्ट तुम्हाला दारातूनच परत पाठवेल. ज्याचे त्याचे पैसे परत कर. सगळ्यात खाली येईल त्याने ठाण्याला सगळ्यांना मामलेदारची मिसळ खाऊ घालायची, असं ठेव. तिखट. पाणी मागायचं नाही, मागितलं तर पुढच्या वर्षी एक गुण वजा. हवा तर हा नियमही तारीख घालून लिहा.

कमिशनरपद सोडू का, असं विचारलंस. आत्ता सोडलंस तर दोन्ही टेबलं म्हणतील, पकडला गेला म्हणून पळाला. आणि एक्सेल दुसऱ्या कोणाला नीट येत नाही, हे तूच पत्रात कुठेतरी सुचवलंयस. हंगाम पुरा कर. पुढच्या वर्षी जो कमिशनर होईल त्याने टीम घ्यायची नाही, किंवा दर महिन्याला कमिशनर बदलायचा. पहिलं जास्त चांगलं, पण टीम सोडायला कोणी तयार होणार नाही, मला माहीत आहे. भिशी चालवणाऱ्या बाईला पण शेवटचा हप्ता घ्यायचाच असतो.

दोन तारखा आत्ताच एक्सेलमध्ये लिही, नाहीतर मार्चमध्ये मला पुन्हा पत्र येईल. फेब्रुवारीत इटलीतल्या ऑलिम्पिकसाठी एनएचएल दोन आठवड्यांहून जास्त थांबणार आहे. तो आठवडा कसा मोजायचा, अर्ध्या आठवड्याची लढत धरायची की पुढच्यात मिसळायची, हे जानेवारीतच ठरवा, जेव्हा कोण पुढे असेल हे कोणालाच माहीत नाही. आणि ८ मार्चच्या रविवारी तिकडची घड्याळं पुन्हा तासाने पुढे जातील, मॅच परत साडेचारला येईल. तुमच्या लीगची उपांत्य फेरी त्याच सुमाराला असेल. साडेपाचची सवय झालेला एक तरी जण त्या आठवड्यात टीम लावायला पाचला उठेल. ६ मार्चला ग्रुपवर आठवण टाक. स्वतःला पण.

ग्रुपवर संदेश टाकायच्या आधी कळव्याच्या मित्राला फोन कर, आधी त्याला कळू दे. पण पहाटे पाचला करू नकोस. तूच लिहिलंयस की त्याच्या इमारतीत पाचला पाणी सोडतात, आणि गोली बदलला तेव्हाही तो एका हाताने नळाखाली हंडा धरून उभा होता. सहाला कर. तोवर पिंप भरलेलं असेल.